कडुनिंबाखालची रिकामी जागा

प्रियदर्शनीला राग आला की ती गप्प होते. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत हे सगळ्यांना माहीत आहे. तिची आई जाईबाई रागावली तर भांडी आपटते, शेजारची माणिकबाई दार आपटते, आणि प्रियदर्शनी कागद ओढून चित्र काढायला बसते. बाप गेल्यावर ती चार वर्षं गप्प होती आणि चार वर्षं चित्रं काढत होती. तेव्हाच कुणीतरी ओळखायला हवं होतं की या पोरीचं लक्षण काही ठीक नाही. पण पोरगी शांत आहे, कामाला लागली आहे, आईला सांभाळते आहे, म्हणून लोक उलट तिचं कौतुकच करत बसले.

चित्रं असायची मोटारीच्या आतली. अमरावतीला राजापेठेत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर डिझाइनचं लहानसं ऑफिस होतं, तिथे ती नोकरीला होती. पुण्याच्या एका मोटार कंपनीचं काम त्यांच्याकडे यायचं. कंपनीला तरुणांसाठी गाडी काढायची होती, पहिल्यांदाच हातात चावी घेणाऱ्या पोरापोरींसाठी. बाहेरचा पत्रा पुण्यातच ठरला होता. आतलं सगळं, म्हणजे सीट कशी, बटणं कुठे, समोरच्या स्क्रीनवर काय दिसेल आणि गाडी चालवणाऱ्याशी काय बोलेल, हे प्रियदर्शनीच्या टेबलावर आलं. आलं कसलं, तिनं ओढूनच घेतलं.

आणि घेतल्या दिवसापासून तिनं स्क्रीनशी उभा दावा मांडला. या कामाच्या प्रमुख दामिनी मॅडम पुण्याहून यायच्या. बाई हुशार, बोलायला गोड, पण त्यांचा एकच हेका: स्क्रीन मोठी हवी.

"तरुणांना तेच आवडतं गं," त्या म्हणायच्या. "टीव्हीएवढी स्क्रीन, गाणी, दिवे, झगमगाट."

"आवडणारच मॅडम. पोरांना गच्चीच्या कठड्यावरून चालायलाही आवडतं. आपण कठडे रुंद करून देतो का?"

मॅडम हसायच्या. त्यांना वाटायचं, ही वऱ्हाडातली पोरगी तोंडाची फटकळ आहे, बाकी काही नाही.

प्रियदर्शनीनं गाणं बदलायला स्टिअरिंगच्या मागे, बरोबर अंगठ्याखाली येईल अशी खडबडीत चकती बसवली. न बघता बोटाला कळावी अशी. गाडीनं वेग घेतला की स्क्रीन काळी होणार. फोनसाठी झाकणाचा खण, आणि फोन आत जाऊन झाकण लागल्याशिवाय गाडी जागची हलणार नाही. सीटचं कापड असं की अकोल्याच्या उन्हात पाठ भाजू नये. चकचकीत काळं प्लास्टिक तिनं सगळीकडून हाकलून लावलं, कारण मे महिन्यात त्यावर पापड भाजता येतो.

मग आला नजर पाहणारा कॅमेरा. स्टिअरिंगच्या वर बसवलेला, चणाडाळीएवढा. चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर आहेत की भलतीकडे, हे त्यानं पाहायचं आणि नजर हटली की गाडीनं टोकायचं. पुण्यात तो झकास चालला. अमरावतीत आणला तर अर्ध्या पोरींपुढे आंधळा झाला. आमच्याकडच्या पोरी उन्हात निघाल्या की स्कार्फ असा गुंडाळतात की डोळे तेवढे उघडे राहतात. कॉलेजच्या गेटवर सख्खी आई लेकीला ओळखत नाही. गाडीत बसल्या तरी त्या स्कार्फ सोडत नाहीत, काचेतून ऊन येतंच. पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, त्यांना स्कार्फ काढायला सांगा. प्रियदर्शनी म्हणाली, तुम्ही स्वतः मे महिन्यात या आणि स्वतःच्या तोंडानं सांगा.

तो आला नाही. मग हिनंच वस्तीतल्या, कॉलेजातल्या, कोचिंग क्लासमधल्या पोरी धरून आणल्या, स्कार्फसकट बसवल्या आणि कॅमेऱ्याला शिकवायला लावलं की बाबा रे, तोंड सोड, नाक सोड, नुसते डोळे पाहा. शिकता शिकता तो असा तयार झाला की माणसाची नजर कुठल्या खांबावर गेली आणि कुठल्या झाडावर अडकली हे मागच्या टीव्हीवर लाल ठिपक्यानं दाखवायला लागला. ऑफिसात पेढे वाटले. प्रियदर्शनीनं पेढा हातात घेतला आणि किती तरी वेळ तसाच धरून बसली. आपल्या हाती काय लागलं आहे हे तिला त्याच दिवशी कळलं होतं.

आता तिच्या बापाचं सांगतो, म्हणजे ही गोष्ट समजेल.

किसनराव रेल्वेत फिटर होते. ड्यूटीला सायकलनं जायचे आणि सायकलनंच यायचे. त्यांच्या एका सवयीची वस्तीत फार थट्टा व्हायची. चालत्या सायकलवर ते फोन उचलत नसत. फोन वाजला की आधी रस्ता सोडायचा, झाड बघायचं, उतरायचं, सायकल स्टँडवर लावायची, ती नीट उभी आहे का हे हलवून पाहायचं आणि मग खिशात हात घालायचा. तोवर फोन वाजून वाजून थकलेला असायचा. "किसनदादा, विमान उतरवून राहिले का?" असं लोक विचारायचे आणि तेही हसायचे. पण सवय सोडली नाही.

प्रियदर्शनीला सायकल त्यांनीच शिकवली, मागून कॅरिअर धरून, धापा टाकत. ती सारखी मान वळवून मागे बघायची, बाबांनी सोडलं की काय म्हणून. समोर बघ म्हणून ते ओरडायचे, "सामने पाय, पोरी! मी मांगं आहोच. तू सामने पाय!"

चार वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, संध्याकाळच्या वेळी तिनं त्यांना फोन लावला. अमरावतीला तिच्या कोर्सची शेवटची परीक्षा संपली होती, ते सांगायला. फोन वाजून बंद पडला. तिनं हसून पुन्हा लावला, विमान उतरत असणार हे तिला माहीतच होतं. या वेळी बाबांनी उचलला.

"बोल पोरी. लावली सायकल. लिंबाखाली उभा आहो."

मागून कुठूनतरी धडधड वाजणारं गाणं ऐकू आलं. जवळ आलं. फारच जवळ आलं. मग बाबांचा आवाज आला नाही. गाणं मात्र वाजतच होतं. गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला, कुणीतरी गाणं बंद केलं, आणि दार पुन्हा लागलं.

गाडी निघाली अकोल्याच्या मनोजभाऊंची. मनोजभाऊंचं मोटारींचं शोरूम आहे, माणूस वजनदार, चार ठिकाणी ऊठबस असलेला. त्यांचा ड्रायव्हर जानराव आपल्या पायानं ठाण्यात हजर झाला. म्हणाला, मीच चालवत होतो, सायकलवाला उजवीकडून एकदम आडवा आला, मला काही करता आलं नाही.

सायकलवाला आडवा आला! प्रियदर्शनी दुसऱ्या दिवशी त्या जागी गेली, तर सायकल रस्त्याच्या डाव्या बाजूला कडुनिंबाखाली स्टँडवर उभी. चाकाची एक तार वाकलेली नाही. कॅरिअरला डबा अडकवलेला तसाच. आडवी येऊन धडकलेली सायकल नंतर आपली आपण जाऊन स्टँडवर लागते का? तिनं चौकशीवरच्या माणसाला हेच विचारलं. तो म्हणाला, "उचलून ठेवली असन कोनं." तिनं गाण्याचं सांगितलं. तो म्हणाला, "गानं काय, कोनीबी आयकते."

जानराव गाडीत रेडिओसुद्धा लावत नाही, हे अकोल्यात ज्याला त्याला ठाऊक होतं. मनोजभाऊंचा एकुलता एक शिवम तेव्हा अमरावतीला क्लासला होता आणि शिकाऊ लायसनवर बापाची गाडी उडवत फिरायचा, हेही ठाऊक होतं. ठाऊक सगळ्यांना असतं, साक्षीला कुणी येत नाही.

तेराव्या दिवसाच्या आत मनोजभाऊ स्वतः बडनेऱ्याला भेटायला आले. पांढरे कपडे, हात जोडलेले, चेहरा लांब केलेला. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचं ही रीत, म्हणून जाईबाईनं रडत रडतच त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी सगळं प्यायलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "झालं ते वाईटच झालं, ताई. पन सायकल चालवणाऱ्यानं बी जरा पाहून चालवाव ना."

प्रियदर्शनी कोपऱ्यात उभी होती. तिला असं वाटलं की तो पेला उचलावा आणि त्या माणसाच्या कपाळात घालावा. घातला नाही. तो गेल्यावर तिनं पेला माळ्यावर फेकला आणि पुन्हा घरात वापरू दिला नाही.

त्या दिवशी तिच्या मनात सूड शिरला. मी उगाच न्याय वगैरे गुळगुळीत शब्द वापरत नाही. तिला सूडच हवा होता. जाईबाईला ते दिसत होतं. विहारातून आली की ती लेकीला समजवायची, "भन्तेजी सांगतेत बाई, वैर सोडून द्याव. आपलंच मन जळते त्यानं."

"सोडीन ना आई," प्रियदर्शनी चित्रावरून मान न उचलता म्हणायची. "आधी धरू तं दे मले."

आणि धरायची वेळ आली. गाडीचं आतलं सगळं जमल्यावर कंपनीला ते खऱ्या पोरांकडून वापरून पाहायचं होतं. त्याची एक पद्धत असते. लाकडाची आणि फोमची खोटी गाडी करतात, आत खरी सीट, खरं स्टिअरिंग, खरी स्क्रीन. समोर भिंतभर पडदा, त्यावर रस्ता पळतो. पोरांना बोलावून बसवतात, चालवायला लावतात आणि मागे टीव्हीवर त्यांची नजर कुठे कुठे जाते ते पाहतात. पहिली फेरी जुन्या पद्धतीच्या मोठ्या स्क्रीनवर, दुसरी नव्या रचनेवर. मग दोन्हींतला फरक काढतात.

हे पुण्यातच व्हायचं होतं. प्रियदर्शनी म्हणाली, पुण्यातली पोरं कशाला, गाडी विकायची आहे ती लहान शहरांत, अकोल्याला करू. दामिनी मॅडमना पटलं. मग जागा कुठली, तर अकोल्यात मनोजभाऊंचं शोरूम मोठं आहे, एसी आहे. तेही पटलं. मनोजभाऊ तर हुरळून गेले. कंपनीची माणसं आपल्या दारी येणार म्हटल्यावर त्यांनी बॅनर लावले आणि सांगून टाकलं की सगळ्यात आधी माझा शिवम बसेल, तोच आता शोरूम पाहतो, गाड्यांतलं त्याच्याइतकं इथे कुणाला कळत नाही. यातलं काहीही प्रियदर्शनीला त्यांना सुचवावं लागलं नाही. लेकाला पुढे ढकलणाऱ्या बापाला फक्त जागा करून द्यावी लागते, ढकलायचं काम तो स्वतः करतो.

रस्ताही तिनंच केला. असल्या पडद्यावर नेहमी परदेशातले गुळगुळीत हायवे असतात. ती म्हणाली, आपल्या पोरांना आपला रस्ता द्या. आणि बडनेऱ्याच्या बाहेरचा तो रस्ता तिनं फोटो काढून काढून हुबेहूब उभा केला. रेल्वेचा पूल, रसवंती, उखडलेला गतिरोधक, आणि पुढे डाव्या हाताला कडुनिंब. पहिल्या फेरीत त्या लिंबापाशी एक सायकलवाला उजवीकडून आडवा येणार होता, जानरावच्या जबाबात आला होता अगदी तसाच. लिंबाखाली तिनं काहीही ठेवलं नाही. जागा रिकामी.

तिचा हिशोब साधा होता. शिवम त्या दिवशी गाडीत नसेल, तर त्याला त्या झाडाचं काय देणंघेणं? सगळे सायकलवाल्याकडे पाहतील तसा तोही पाहील.

मे महिना होता. शोरूमच्या काचेबाहेर अकोला होरपळत होतं आणि आत सगळे थंड हवेत पाणी पीत उभे होते. दामिनी मॅडम, कंपनीची दोन माणसं, शोरूमचा सगळा स्टाफ, आणि मधोमध पांढऱ्या शर्टात मनोजभाऊ. त्यांनी प्रियदर्शनीला ओळखलं नाही. ज्यांच्या घरी पाणी पिऊन आलो त्यांचं तोंड लक्षात ठेवायची त्यांना गरज कधी पडली नव्हती. जानरावनं मात्र ओळखलं. तो दारापाशी स्टुलावर बसला होता, चाव्या बोटात अडकवून. कोर्टाच्या आवारात तिला लांबून त्यानं पाहिलेलं होतं. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

शिवम आला. तेवीस वर्षांचा, दाढी कोरलेली, डोळ्यांवर गॉगल.

"गॉगल काढावा लागेल," प्रियदर्शनी म्हणाली. "गाडीला डोळे बघायचे आहेत."

"पाहू दे ना मॅडम, माहे डोळे लय भारी आहेत," तो म्हणाला आणि सगळे हसले. तीही हसली. चार वर्षांनी ती हसली, आणि मला विचाराल तर त्या हसण्याला सगळ्यांनी घाबरायला हवं होतं.

तो खोट्या गाडीत बसला. रस्ता पळायला लागला. मागच्या टीव्हीवर लाल ठिपका मजेत फिरत होता, रसवंतीवर, स्क्रीनवर, समोरच्या ट्रकवर, परत स्क्रीनवर. मग गाणं सुरू झालं. यादीत सगळ्यात वर प्रियदर्शनीनं तेच ठेवलं होतं, फोनमधून ऐकलेलं, धडधड वाजणारं.

शिवमचा हात स्टिअरिंगवर घट्ट झाला.

"हे बदलवा ना, जुनं झालं," तो म्हणाला आणि बोट स्क्रीनकडे नेलं. ठिपका खाली आला. पण बोट स्क्रीनला लागलंच नाही. रेल्वेचा पूल गेला, गतिरोधक गेला, आणि ठिपका एकदम वर उडाला आणि डावीकडे गेला. लिंबाखाली जाऊन थांबला. लिंब अजून लांब होता, अंगठ्याएवढा दिसत होता. ठिपका तिथून हलेना. ठरल्याप्रमाणे उजवीकडून सायकलवाला आला, गाडीच्या अगदी नाकासमोरून गेला. ठिपक्यानं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिवमनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. खोटी गाडीच ती, पण तिचा लाकडी सांगाडासुद्धा करकरला.

"काय झालं, शिवम?" दामिनी मॅडम टीव्हीकडे पाहत म्हणाल्या. "सायकलवाल्याकडे तू पाहिलंच नाहीस. झाडाखाली काय पाहतोयस? तिथे काहीच नाहीये."

"आहे ना," शिवम म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "तिथी उभा होता तो. फोनवर बोलून राहिला होता. सायकल मांगं लावून ठेवली होती त्यानं, स्टँडवर."

गाणं वाजतच होतं. ते कुणी बंद केलं नाही.

"काय बडबडून राहिला बे?" मनोजभाऊ ओरडले. "उतर खाली! बंद करा हे सगळं!"

"बंद नाई होत, भाऊ," प्रियदर्शनी म्हणाली. ऑफिसातली भाषा तिनं बाजूला टाकली होती. "सारं भरून राहिलं याच्यात. पुन्यालेबी दिसून राहिलं." मग ती खोट्या गाडीच्या दारापाशी गेली आणि वाकली. "शिवम, तू तं नोहता ना त्या रोजी गाडीत? जानराव चालवून राहिला होता ना? मंग तुले कसा दिसला तो लिंबाखाली?"

शिवमनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडायला लागला.

"कोन आहे तू?" मनोजभाऊंनी विचारलं.

"किसनरावची पोरगी. तुमी आमच्या घरी पानी पेले होते."

मनोजभाऊ कच्च्या गुरूचे चेले नव्हते. क्षणभर पांढरे पडले, मग सावरले. "याले काय अर्थ आहे? पोट्टं घाबरलं, काहीबी बोललं. कोर्टात कबुली जानरावची आहे. ओ जानराव, सांग बरं यायले, कोन चालवत होतं?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. जानराव स्टुलावरून उठला. वय झालेला माणूस, उठायला त्याला वेळ लागला. बोटातल्या चाव्या त्यानं काढल्या आणि शेजारच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या.

"भाऊ, तुमी म्हटलं पोराले राख, म्हून म्या राखलं," तो म्हणाला. "आता पोरगंच बोललं. मंग म्या कोनाले राखू?"

आणि काचेचं दार ढकलून तो उन्हात निघून गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो. जानरावनं जबाब बदलला. शिवमला अटक झाली, मग जामीन झाला, खटला नव्यानं उभा राहिला. आपल्याकडे खटले चालतात कमी आणि बसतात जास्त, तेव्हा निकाल कधी लागेल हे देव जाणे. पण अकोल्यात आता शिवम गाडी घेऊन निघाला की लोक वळून पाहतात, आणि शोरूमचे बॅनर उतरले ते उतरलेच. दामिनी मॅडम प्रियदर्शनीवर भयंकर चिडल्या. कंपनीच्या कामाचा तू स्वतःच्या वैरासाठी वापर केलास, म्हणाल्या, आणि यात त्यांचं काही चुकलं नाही. तिला त्या कामावरून काढलं. चकती ठेवली, काळी होणारी स्क्रीन ठेवली, कॅमेरा तर ठेवलाच. नाव तेवढं काढलं. तिचं घ्यायचं होतं ते घेऊन झालं होतं.

शोरूममध्ये हे घडलं त्या संध्याकाळी ती अकोल्याहून घरी आली तेव्हा जाईबाई तांदूळ निवडत होती. लेकीनं सगळं सांगितलं. वैर सोड म्हणणाऱ्या त्या माउलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पोट्टं रडलं का?"

"रडलं."

"बरं झालं," जाईबाई म्हणाली, आणि परत तांदळात हात घातला.

काही दिवसांनी खोटी गाडी राजापेठेच्या ऑफिसात परत आली. ती मोडून पुण्याला धाडायची होती. माणसं पाने-हातोड्या घेऊन आली तेव्हा प्रियदर्शनी आपलं सामान घ्यायला आली होती. ती म्हणाली, थोडं थांबता का, चहा पिऊन या. ती माणसं खाली गेली.

ती आत बसली. दुसरी फेरी तिनं लावली, तिच्या स्वतःच्या रचनेची, जी शिवमनं चालवलीच नव्हती. फोन खणात टाकला, झाकण लावलं. रस्ता पळायला लागला आणि स्क्रीन काळी झाली. अंगठ्याखाली चकती होती, पण गाणं तिनं लावलं नाही. या फेरीत लिंबाखालची जागा रिकामी नव्हती. तिथे तिनं एक माणूस उभा केला होता, खाकी पँट, कानाला फोन, मागे स्टँडवर लावलेली सायकल, कॅरिअरला डबा. तो तिनं शिवमला दाखवायला म्हणून काढला होता. बघ, एवढंच करायचं होतं, रस्त्याकडे बघायचं होतं, हा माणूस आपल्या पोरीशी बोलत तिथेच उभा राहिला असता, असं त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं. ते राहून गेलं. माफी मात्र तिनं त्यालाही दिली नाही आणि त्याच्या बापालाही नाही. पुढेही द्यायची नाही, असं तिनं ठरवलं आहे, आणि ठरवलेलं ती करते हे आता आपण पाहिलंच.

पूल गेला. गतिरोधक गेला. लिंब जवळ आला आणि त्याखालचा माणूस मोठा मोठा होत गेला. तिची नजर त्याच्यावर गेली आणि तिथेच राहिली.

गाडीनं टोकलं. पुण्याचा गोड आवाज आमची पोरं ऐकत नाहीत म्हणून गाडीत तिनं दुसरा आवाज भरला होता. आवाज जाईबाईचा, शब्द किसनरावांचे.

"सामने पाय, पोरी."

प्रियदर्शनीनं समोर पाहिलं. डोळ्यांना धार लागली होती, तरी पाहिलं. गाडी सरळ गेली आणि लिंब मागे पडला. त्या खोट्या गाडीला मागचं दाखवणारा आरसा बसवलेला नव्हता, आणि तिनं मान वळवली नाही.